करंगळीनं उघडणारं दार

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता काकूंनी गॅलरीचं दार उघडलं आणि काकांना चहाला हाक मारली. काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. काकूंनी परत हाक मारली. मग मला बोलावलं. मी जाऊन काकांचा हात हातात घेतला. समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरांना फोन केला. ते आले आणि काका गेल्याचं त्यांनी सांगितलं.

त्या दिवसाबद्दल मला एवढंच लिहिता येतं. एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली नव्हती, ती आता येते. गॅलरीत जाऊन बसताना काकांनी दार मागे ओढून घेतलं होतं. अर्धवट उघडं ठेवलं नव्हतं.

मी मुलुंडला काका-काकूंच्या घरात आतल्या खोलीत भाड्यानं राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली. मी पवईला एका ग्रंथालयात काम करते. घाटकोपरचं आमचं घर आई गेल्यावर राहिलं नाही, म्हणून खोली शोधत होते. पहिल्या दिवशी काकांनी मला स्वयंपाकघर दाखवलं नाही, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं नाही. थेट गॅलरीच्या दारापाशी उभं केलं.

"हे उघड."

मी हात लावला.

"हात नाही. करंगळी."

मी करंगळीनं ढकललं. दोन उभ्या काचेच्या फळ्यांपैकी उजवी फळी काही न बोलता बाहेर गेली. काकांनी ती पार मागे नेली, भिंतीला लावलेल्या हुकात अडकवली आणि म्हणाले, "आता ऐक. ह्या घरात एकच नियम. दार एकतर उघडं, नाहीतर बंद. अर्धं नाही. उघडं म्हणजे हुकात. बंद म्हणजे खटका वाजेपर्यंत. बाकी तू काय खातेस, किती वाजता येतेस, त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही."

मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त दिसतो. तेवढ्यात काकू भिंतीला हात लावत बाहेरच्या खोलीत आल्या आणि माझ्या जवळ उभं राहून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. मला दिसत नाही, त्याची शिक्षा दाराला भोगावी लागते."

काकूंना काचबिंदू होता. मी आले तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. पुढे तोही गेला. पण घरात त्या काठी घेत नसत, कुणाचा हात धरत नसत. बिछान्यापासून गॅलरीपर्यंत त्यांचा एक रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर एकटं चालता येणं ही त्यांची सगळी मालमत्ता होती. गॅलरीत बसून त्या भाजी निवडत, खालच्या मजल्यावरच्या बाईशी गप्पा मारत, येणाऱ्याजाणाऱ्याला चपलेच्या आवाजावरून ओळखत. काकांची सगळी धडपड एवढ्याचसाठी होती. काकूंना त्या दारापाशी कुणाला हाक मारावी लागता कामा नये.

दार मूळचं त्या इमारतीतलं नव्हतं. गल्लीतला एक जुना बंगला पाडला तेव्हा काकांनी तिथून ही सागवानी जोडी उचलून आणली, आणि आपल्या खिडकीखालची भिंत फोडून बसवली. प्रत्येक फळीला पाच काचा. "ह्याला फ्रेंच डोअर म्हणतात," ते पाहुण्यांना सांगत. "फ्रान्समध्ये काय म्हणतात ते मला ठाऊक नाही." डावी फळी वरखाली कडी लावून उभी असे. उजवी रोज उघडायची. उजवीला बाहेरच्या अंगानं एक पट्टी होती, ती डावीवर चढून मधली फट झाकायची. त्यामुळे उजवी आधी उघडावी लागे आणि बंद करताना शेवटी. काकूंनी डावीचं नाव थोरली जाऊ आणि उजवीचं धाकटी ठेवलं होतं. "धाकटी आधी उठते आणि शेवटी झोपते," त्या म्हणत. "मला विचार. चार जावांत मी धाकटी होते."

काका सावंतवाडीकडचे. भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्याशी ते स्वच्छ, शाळेतल्यासारखं मराठी बोलत. मालवणी फक्त दाराशी. रविवारी सकाळी चहा झाला की लेंगा दुमडून दारापाशी बसत आणि बिजागरीला कान लावून विचारत, "रुसलंस काय गो? थांब बाये, बगतंय हां."

"माझ्याशी कधी इतक्या गोडीत बोलले नाहीत," काकू गॅलरीतून ओरडत.

"तुला तेल घालावं लागत नाही," काका म्हणत.

त्यांची हत्यारं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असत. दोन स्क्रू ड्रायव्हर, एक पटाशी, मेणबत्तीचे तुकडे, अंगाच्या साबणाची झिजून चपटी झालेली वडी, आगपेटी, पितळी स्क्रू, आणि दोन पोस्टकार्डं. स्क्रू पिळण्याआधी साबणावर घासायचा, म्हणजे लाकूड चिरत नाही. दार धरून ठेवणाऱ्या खटक्याच्या गोळीला तेल नाही, मेण. तेलावर धूळ बसते. उंबऱ्याची खाच दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ करायची. हे सगळं ते मला सांगत असत असं नाही. दाराला सांगत, मी शेजारी पुस्तक घेऊन बसलेली असे.

पोस्टकार्डं मापाची होती. बंद दाराच्या भोवतीच्या फटीतून काका पोस्टकार्ड फिरवत, वरून खाली, खालून आडवं. पावसाळ्यात एक पोस्टकार्ड सहज गेलं पाहिजे. हिवाळ्यात दोन एकदम. त्याहून कमी नाही, जास्त नाही. वर्षातून दोनदा, आषाढात आणि पौषात, फट बघून झाली की चौकटीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं बारीक रेघ ओढत आणि बाजूला महिना लिहीत. वरच्या पोस्टकार्डावर त्यांच्या आईचं अक्षर होतं, गावाहून आलेलं. घासून घासून बरंचसं गेलेलं. "कौले शाकारून झाली" एवढं मला वाचता येत असे. मी एकदा म्हटलं, "काका, हे जपून ठेवा की, दुसरं वापरा." ते म्हणाले, "लायब्ररी, जपलं तर कपाटात पडेल. इथे आई दर रविवारी घरभर फिरते." मला ते लायब्ररीच म्हणत. अकरा वर्षांत त्यांनी माझं नाव घेतल्याचं आठवत नाही.

दुसऱ्यांच्या दारांनाही ते सोडत नसत. लग्नाला गेले तर कार्यालयाचं दार हलवून बघत. सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन यजमानांच्या बिजागऱ्या तपासत. "ह्यांना जेवायला बोलावलं की लोक आधी दार दुरुस्त करून घेतात," असं काकू म्हणायच्या. डोळ्यांच्या डॉक्टरांची गोष्ट मला काकूंनीच सांगितली. काचबिंदू फार पुढे गेलाय, आहे ती नजरही टिकायची नाही, असं डॉक्टर समजावून सांगत होते. काकू ऐकत होत्या. काका मधेच उठले, दारापाशी गेले, दोनदा उघडझाप करून म्हणाले, "डॉक्टर, तुमचं दार पेशंटच्या अंगावर उघडतं."

"मला इतकी लाज वाटली," काकू म्हणाल्या. "वाटलं, ह्या माणसाला काही कळलंच नाही. रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. घरी आलो, जेवले नाहीत, आणि भर दुपारी धाकटी चौकटीतून उतरवून जमिनीवर आडवी घातली. बिजागऱ्या बदलल्या, कडा घासल्या, आणि मधल्या काचेच्या जागी ती खडबडीत काच बसवली. मग माझा हात धरून त्या काचेवर ठेवला. म्हणाले, 'हिच्याखाली एक वीत मोज. तिथे करंगळी ठेव. ढकल.' मी ढकललं. तेव्हा कळलं, ह्यांना सगळं कळलंय."

ती खडबडीत काच अजून आहे. बाकीच्या नऊ साध्या आहेत.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय काका पुरते सांगून होणार नाहीत.

मी राहायला आले त्याच्या तिसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, काकांचे थोरले भाऊ वारले आणि काका दहा-बारा दिवस गावी गेले. इकडे सतत ओल होती. दार फुगलं. काकू सकाळी करंगळी लावत, मग पंजा, मग खांदा, आणि शेवटी मला हाक मारत. मी कामावर गेले की त्या दिवसभर आत. चौथ्या दिवशी मी संध्याकाळी आले तेव्हा त्या पलंगावर बसून होत्या. भाजी तशीच. "कंटाळा आला गं," एवढंच म्हणाल्या. मला ते सहन झालं नाही. मी मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले, काकांच्या पलंगाखालचा रंधा काढला आणि धाकटीची कड तासून टाकली. दार सुरेख उघडायला लागलं. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला फार अभिमान वाटला.

काका आले. पिशवी खाली न ठेवता दारापाशी गेले आणि फटीत पोस्टकार्ड घातलं. मग दोन घातली. पावसाळ्याच्या ऐन भरात दोन पोस्टकार्डं सुळकन खाली गेली.

"रंधा किती हात फिरवलास?"

"दहा... बारा असतील."

त्यांनी पोस्टकार्डं खिशात ठेवली. "बरं. दिवाळीनंतर बघू."

तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. फुगलेलं लाकूड पुन्हा आटतं. पावसाळ्यात जे तासाल, ते हिवाळ्यात परत मिळत नाही. काकांनी त्यावर एक तात्पुरती पट्टी ठोकली, पण त्यांचं मन त्यात नव्हतं. लाकूड पुरतं सुकल्याशिवाय पक्कं काम करता येत नाही, असं ते म्हणाले. आणि डिसेंबरात एका सकाळी ती पट्टी सुटली. फट इतकी रुंदावली होती की खटक्याची गोळी समोरच्या खाचेपर्यंत पोहोचेना. वाऱ्यानं धाकटी उघडली आणि मधेच थांबली. अर्धी.

काकू आल्या. त्यांनी काचेवर हात ठेवायला हात पुढे केला, हाताला काच लागली नाही. म्हणजे दार उघडं, हुकात. त्या सरळ चालल्या. फळीची कड त्यांच्या कपाळावर बसली.

भुवईच्या वर तीन टाके पडले. दवाखान्यातून येताना मी रडत होते. काका पुढे बसले होते. घरी आल्यावर काकूंना निजवलं आणि मला म्हणाले, "डबा आण."

मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी माझ्या हातात सागाची एक लांब पट्टी दिली. "ही कडेला चिकटवायची. मी सांगतो, तू कर."

"काका, माझ्याकडून पुन्हा बिघडेल."

"तू बिघडवलंस म्हणून तूच कर. मी केलं तर तू जन्मभर ह्या दाराला घाबरशील."

पुढचे दोन रविवार लागले. कड सपाट करायची, गोंद लावायचा, पट्टी दाबून दोरीनं आवळून ठेवायची, सुकली की पॉलिश पेपरनं घासायची, परत पोस्टकार्ड. माझ्या बोटांना फोड आले. काका शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होते आणि एकदाही त्यांनी माझ्या हातातलं हत्यार घेतलं नाही. त्यातच मला एक वाक्य सांगून ठेवलं. "फुगलेलं दार सगळीकडून अडतं. बसलेलं, एका बाजूनं खाली झुकलेलं दार एका कोपऱ्यात अडतं. आधी कोणतं ते बघायचं. मग हत्यार." 

काकूंच्या कपाळावर व्रण राहिला. पुढे पाहुण्यांनी विचारलं की त्या बोट ठेवून सांगत, "ही आमच्या लायब्ररीची सही."

काका गेले तो महिना आषाढ होता. तेरा दिवस घरात माणसं होती. काकूंचा मुलगा कांदिवलीहून येऊन राहिला होता. चांगला माणूस आहे. वडिलांशी त्याचं फारसं बोलणं नसे, पण भांडणही नव्हतं. माणसं दाराला टेकून उभी राहिली, मुलं फळीला लोंबकळली, कुणी त्यावर ओले टॉवेल वाळत घातले. काकांना दारावर टॉवेल दिसला की ते उचलून न बोलता खुर्चीवर ठेवत. मी काही उचलले, सगळे उचलता आले नाहीत.

चौदाव्या दिवशी सकाळी काकूंनी करंगळी लावली. दार हललं नाही. त्यांनी पंजा लावला. मग त्या तिथेच उभ्या राहिल्या, हाक न मारता. त्यांच्या मुलानं ते पाहिलं. त्यानं उठून खांद्यानं दार ढकललं, ते खालच्या लादीवर खरवडत उघडलं.

"आई, बाबा होते तोवर ठीक होतं. आता हे कोण बघणार? तू कांदिवलीला चल."

"तिथे मला न्हाणीघर कुठे तेही ठाऊक नाही."

"सवय होईल ना."

"दहा वर्षांपूर्वी झाली असती रे."

त्यानं खरवडलेल्या लादीवरून पाय फिरवला. मग म्हणाला, "बरं, इथेच राहायचं तर निदान ॲल्युमिनियमचं सरकतं दार लावू. एक माणूस उद्या मापं घ्यायला येतोय. फुगणार नाही, काही नाही. हलकं असतं."

"सरकत्या दारात अर्धी बाजू कायम बंदच," काकू म्हणाल्या. "कुठली उघडी, कुठली बंद, हे मला कोण सांगणार? रोज कपाळ आपटून बघू?"

"मग काय करू मी? तूच सांग." त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "रोज तुला आत कोंडून ऑफिसला जाऊ का?"

काकूंनी चेहरा माझ्या दिशेला वळवला. मी पुस्तकं उचलण्याच्या निमित्तानं तिथे उभी होते.

"मी बघते," मी म्हटलं. "उद्या सकाळपर्यंत थांबा."

मी डबा काढला. रंधा पलंगाखाली होता. तो मला दिसत होता आणि माझे हात तिकडेच ओढ घेत होते, कारण बाहेर पाऊस होता, लाकूड ओलसर लागत होतं, आणि रंधा फिरवला तर दार दहा मिनिटांत उघडलं असतं. मी पोस्टकार्ड घेतलं. फटीतून वरून खाली फिरवलं. वरच्या बिजागरीपाशी एक गेलं. मी दुसरं घातलं, तेही गेलं. खाली उंबऱ्याच्या कोपऱ्यात, जिथे दोन्ही फळ्या भेटतात, तिथे एकही जाईना. बाकी सगळीकडे एक.

दार फुगलं नव्हतं. दार बसलं होतं.

वरच्या बिजागरीचे स्क्रू हातानं हलत होते. तेरा दिवसांच्या टॉवेलांनी आणि माणसांनी ते ओढून काढले होते. काकूंच्या मुलाला मी फळीखाली पाचर सरकवून धरायला सांगितलं. तो लादीवर गुडघे टेकून बसला.

"हे तुला बाबांनी शिकवलं?"

"दाराला शिकवत होते. मी जवळ असायचे."

तो हसला. "मला एकदा शिकवायला बसले होते. मी म्हटलं, सुतार बोलवा ना. त्यानंतर दाराबद्दल कधी बोलले नाहीत."

मी एकेक स्क्रू काढला. आगपेटीतल्या काड्यांची डोकी मोडली, काड्या गोंदात बुडवून भोकात ठासल्या, मावतील तेवढ्या, आणि वर आलेली टोकं पटाशीनं कापली. गोंद सुकायला दुपार आणि रात्र द्यावी लागते. पाचर तशीच ठेवली. काकूंना सांगितलं, आज दाराकडे यायचं नाही. त्या म्हणाल्या, "नाही येत. पण मधनंमधनं सांग, काय म्हणतंय ते."

सकाळी सहाला स्क्रू साबणावर घासून पिळले. ते घट्ट बसले, शेवटचा पीळ मनगटाला जाणवला. पाचर काढली. पोस्टकार्ड चारी बाजूंनी फिरवलं. एक गेलं. दुसरं गेलं नाही.

सव्वासातला काकू आल्या. भिंत, कपाटाची कड, मग खडबडीत काच. तिच्याखाली एक वीत. त्यांनी करंगळी ठेवली. त्यांचा मुलगा मागे उभा होता, त्यानं मदतीला हात पुढे केला आणि परत घेतला. खटका वाजला. धाकटी बाहेर गेली. काकूंनी ती हुकापर्यंत नेली, अडकवली, उंबरा ओलांडला आणि काकांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग आपल्या खुर्चीवर बसल्या.

मुलानं दार हुकातून सोडवलं, बंद केलं, आणि स्वतःच्या करंगळीनं एकदा उघडून पाहिलं. परत बंद केलं, परत उघडलं. मग गॅलरीत जाऊन मापं घ्यायला येणाऱ्या माणसाला फोन लावला. "नको येऊ," म्हणाला. "नाही, पुढच्या आठवड्यातही नको. आहे ते चांगलं आहे."

ह्याला आता काही महिने झाले. मुलगा दर रविवारी कांदिवलीहून येतो. काकांची खुर्ची गॅलरीत आहे, तिच्यावर कुणी बसत नाही, कधीकधी भाजीची परात असते. डबा कपाटात आहे. काकांच्या आईच्या पोस्टकार्डावरचं "झाली" आता वाचता येत नाही, "कौले शाकारून" अजून येतं. चौकटीवर ह्या वर्षीच्या आषाढाची रेघ माझी आहे, काकांच्या रेघेहून जाड आली आहे. पौषातली ओढायची आहे. काकू सव्वासातला एकट्या दारापाशी येतात आणि ते उघडतात.